घरातले सेल : कोणते चार्ज करायचे, कोणते नाहीत (कामाच्या नोंदी)

३ मे

पावसाळ्याच्या आत घरातल्या सगळ्या सेलचा हिशेब लावायचा ठरवलं आणि आज वही सुरू केली. कारणं दोन. सासूबाईंचं बीपी मोजायचं यंत्र महिना-सव्वा महिन्यात चार सेल खातं आणि नेमकं रात्री, त्यांना गरगरतंय तेव्हाच बॅटरीचं चिन्ह दाखवून बसतं. दुसरं कारण सांगलीच्या गावभागात राहणाऱ्याला सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेच्या पुराचं पाणी गल्लीत आलं तेव्हा वीज बंद, दुकानं बंद. घरात जे सेल असतील तेवढेच आपले.

सेलवर चालणाऱ्या वस्तू थोरलीकडून लिहून घेतल्या. भिंतीवरची घड्याळं, टीव्ही आणि एसीचे रिमोट, बीपीचं यंत्र, अण्णांचा ट्रान्झिस्टर, धाकट्याची रिमोटची गाडी, गॅस गीझर (दोन मोठे सेल), वजनकाटा, कॉम्प्युटरचा माउस, दोन बॅटऱ्या (उजेडाच्या, टॉर्च), देवघरातली एलईडीची माळ. डास मारायची रॅकेट यादीतून काढली. तिच्या आत बसवलेलीच बॅटरी असते, तिथे निवडीचा प्रश्नच नाही.

प्रत्येक वस्तूपुढे एक रकाना आहे: सेल किती दिवसांत संपतो. बाकीचं सगळं या रकान्यावरून ठरेल असं आत्ताच वाटतंय.

५ मे

खण रिकामा केला. पेन्सिल सेल, रिमोटचे बारीक सेल, दोन मोठे, एक चौकोनी नऊ व्होल्टचा, काही बटण सेल. जुने-नवे सगळे एकत्र. आधी जात ओळखायची. ब्रँड आणि रंग बघून उपयोग नाही, सेलच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेला कोड वाचायचा. पेन्सिल सेलवर नुसतं ‘आर६’ असेल तर तो जुना झिंक-कार्बन. ‘एलआर६’ म्हणजे अल्कलाइन. ‘एचआर६’ म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे चार्जिंगचा. बारीक सेलला सहाच्या जागी शून्य-तीन: आर०३, एलआर०३, एचआर०३. मोठा सेल आर२०.

आमच्या खणातले बहुतेक सगळे आर६ निघाले. पानपट्टीवर, किराणा दुकानात ‘सेल द्या’ म्हटलं की मिळतो तो हाच. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जी घटमाला केली तिचाच हा वंशज. यात जस्ताचा डबा हाच ऋण ध्रुव असतो, म्हणजे सेल वापरला जाईल तसा त्याचा डबाच झिजत जातो. संपलेला सेल आत विसरला की गळतो तो यामुळे.

दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काट्यावर वजनं घेतली (मी तिथेच काम करते, सर मोजमापाला नाही म्हणत नाहीत). आर६ सतरा ग्रॅमच्या आसपास, एलआर६ तेवीस-चोवीस, चांगला एचआर६ सत्तावीस. खणात एक रंगीत चार्जिंगचा सेलही होता, अंगावर ४७०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचं माप) असं ठळक लिहिलेलं. त्याचं वजन सोळा ग्रॅम. या मापाच्या निकेलच्या सेलमध्ये २५००-२७०० च्या वर क्षमता मावतच नाही, आणि चांगले टिकाऊ सेल तर १९००-२००० चेच असतात. आकडा जितका फुगलेला तितका आत माल कमी, हे हातात धरूनसुद्धा कळतं. थोरलीला दोन्ही हातांत एकेक देऊन विचारलं, तिने डोळे मिटून बरोबर सांगितलं.

९ मे

आज खरी चाचणी. नुसता मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) लावून सेल चांगला की वाईट ते कळत नाही; अर्धमेला आर६ सुद्धा मोकळा असताना १.४ व्होल्ट दाखवतो आणि काम सांगितलं की मान टाकतो. त्याला ओझं देऊन मोजायला हवं. दहा ओहमचा रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना जोडायचा, साधारण दीडशे मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, आणि मग व्होल्टेज बघायचं. रेझिस्टर अर्ध्या वॉटचा घेतला. पाव वॉटचा चालेल, पण काठावर. बोट लावलं की चटका बसतो.

तीन नवे सेल घेतले, प्रत्येक जातीचा एक. तिन्हींना एकाच वेळी ओझं लावलं आणि ०.९ व्होल्टला थांबायचं ठरवलं, कारण त्याखाली घरातली बहुतेक यंत्रं चालत नाहीत.

सकाळी नऊ वाजता: आर६ १.४७, एलआर६ १.५२, एचआर६ १.३३.

इथेच लोक फसतात. चार्जिंगच्या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्यावर १.५, म्हणून चार्जिंगचा ‘कमी पॉवरचा’ अशी समजूत आहे. दुपारी एकपर्यंत काय झालं ते बघा. आर६ ०.९ ला येऊन संपला. चार तासांत खेळ खलास. एलआर६ १.२४ वर. एचआर६ १.२७ वर, आणि तो तिथून हलायला तयार नाही.

१० मे

काल रात्री थोरली आणि मी आळीपाळीने आकडे घेत होतो. एचआर६ रात्री अकरापर्यंत १.२ च्या आसपास अगदी सपाट चालला आणि मग पाऊणेक तासात धाडकन खाली आला. पंधरा तासांच्या आत-बाहेर धरू. अल्कलाइन अठरा तासांपर्यंत रेटला, पण सुरुवातीपासून हळूहळू उतरत. शेवटचे काही तास तो १.१ च्याही खाली होता.

म्हणजे अल्कलाइन दीडवर जन्मतो खरा, पण आयुष्याचा अर्धा भाग १.२ च्या खालीच काढतो. ज्या यंत्राला अल्कलाइन सेल शेवटपर्यंत वापरता येतो त्याला चार्जिंगचा सेलही चालायला हवा. अपवाद अशी यंत्रं, जी थोडं व्होल्टेज उतरलं की लगेच ‘सेल बदला’ म्हणतात. आमचा वजनकाटा तसला आहे. त्यात चार्जिंगचे सेल घातले, बॅटरीचं चिन्ह लगेच लुकलुकायला लागलं. काटा अल्कलाइनवरच राहील.

आर६ चा चार तासांचा आकडा डोक्यातून जात नाही. त्याच्या आतला विरोधच जास्त असतो. थोडं थोडं मागितलं तर तो महिनोन् महिने देतो, एकदम मागितलं तर धापा टाकतो. बीपीच्या यंत्रात पंपाची मोटर असते, ती पट्टा फुगवताना यापेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते. तिथे आर६ घालणं हेच मुळात चुकीचं काम आहे.

१४ मे

एसीचा रिमोट उघडला. हे मात्र सावकाश लिहिते, कारण लोक असे रिमोट फेकून देतात.

स्प्रिंगवर पांढरी, खडबडीत, साखरेच्या फुलोऱ्यासारखी पूड जमलेली. सेल अल्कलाइनचा होता. त्याच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते बाहेर झिरपतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. ही अल्कली आहे, म्हणून इलाज आंबट. हातमोजे घातले, सेल चिमट्याने ओढून काढले. कान कोरायच्या काडीचा कापूस व्हिनेगरमध्ये बुडवून स्प्रिंगवर टेकवला. बारीक फेस आला, चुरचुर आवाजही. फेस थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा टेकवलं, मग ओल्या काडीने पुसून घेतलं, शेवटी कोरड्या. खाली स्प्रिंगचं निकेल थोडं गेलं होतं, तांबूस धातू दिसत होता. नखाच्या कानशीने हलकेच घासला. तासभर पंख्याखाली ठेवून सेल घातले. एसी चालू झाला. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो, फक्त नंतर पाण्याच्या काडीने नीट पुसायचं, नाहीतर तेच आम्ल पुढे गंज धरवतं.

देवघरातल्या माळेच्या डबीतही गळती होती, पण ती ओलसर, चिकट, हिरवट-तपकिरी. तो आर६. त्याचा द्रव आम्लधर्मी, तिथे व्हिनेगर लावून उपयोग नाही; खायचा सोडा पाण्यात कालवून लावायचा.

धाकटा बघत उभा होता, त्याला लांब बसवलं. पोटॅशियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर गंभीर इजा होते. हे काम मुलांच्या हातात द्यायचं नाही.

१९ मे

हरभट रोडला गेले. इलेक्ट्रॉनिक्सचं जुनं दुकान आहे, मालक माझ्या ओळखीचे. चार्जर मागितला तर त्यांनी आधी विचारलं, “ताई, सेल कुठं वापरणार?” हा प्रश्न विचारणारा दुकानदार मिळणं भाग्याचं.

त्यांनी दोन चार्जर समोर ठेवले. स्वस्त आहे त्यात सेल जोडीनेच चार्ज होतात आणि दिवा शेवटपर्यंत लालच राहतो. महाग आहे त्यात चारही घरं स्वतंत्र, प्रत्येकाला आपला दिवा, भरला की आपोआप थांबतो. किमतीत तिपटीचा फरक.

“लोक सेल भारीतला नेतात आणि चार्जर शंभराचा,” ते म्हणाले. “मग वर्षाच्या आत येऊन सांगतात, चार्जिंगचे सेल टिकत नाहीत ओ.”

महाग चार्जर घेतला, साधारण चौदाशे. पेन्सिल सेल चार, अकराशेच्या आसपास. बारीक चार. घेताना ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ लिहिलेलेच घेतले. जुन्या निकेल सेलची मोठी खोड होती, नुसते पडून राहिले तरी महिन्याभरात वीस-तीस टक्के रिकामे व्हायचे. सान्योने २००५ मध्ये एनेलूप नावाचे सेल आणले, ते भरून ठेवले तर वर्षाने सुद्धा बराच चार्ज धरून असतात. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली आणि तेच सेल आता पॅनासॉनिकच्या नावाने मिळतात. आता इतर कंपन्याही या प्रकारचे करतात. ज्यांनी वीस वर्षांपूर्वी कॅमेऱ्यासाठी चार्जिंगचे सेल घेऊन वैतागून सोडून दिले होते, त्यांनी पुन्हा एकदा बघावेत.

२३ मे

घरात एक जुना चार्जर होता, कुठल्याशा वस्तूबरोबर फुकट आलेला. टाकून द्यायच्या आधी त्याचं काय होतं ते मोजलं. जुने एचआर६ दोन लावले आणि सेलच्या अंगाला तापमापक चिकटवला. खोलीचं तापमान ३४ अंश. सेल भरून गेल्यानंतरही चार्जर प्रवाह देतच राहिला. सेल ४९ अंशांपर्यंत गेले आणि तिथेच राहिले.

नव्या चार्जरवर हीच जोडी नंतर लावली. शेवटी शेवटी सेल कोमट झाले, ४० च्या पुढे-मागे, आणि एकापाठोपाठ दोन्ही दिवे हिरवे झाले. एकाच वेळी नाही. मधे पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. दोन सेल सारखे नव्हतेच, हे जुन्या चार्जरला कधी कळलंच नसतं.

यामागचं तंत्र साधं आणि सुंदर आहे. निकेल-मेटल हायड्राइड सेल भरत असताना त्याचं व्होल्टेज चढत जातं. तो पूर्ण भरला की आत येणारी वीज साठण्याऐवजी उष्णता होते, सेल तापतो आणि व्होल्टेज किंचित खाली येतं, प्रत्येक सेलमागे पाच-दहा मिलिव्होल्ट इतकंच. हुशार चार्जर ती बारीक घसरण टिपतो आणि थांबतो. जोडीने चार्ज करणाऱ्या स्वस्त यंत्राला ती दिसत नाही. त्यातला कमी भरलेला सेल अर्धवट राहतो नाहीतर जास्त भरलेला शिजतो.

फार मंद, रात्रभराचा चार्जर असेल तर ही घसरण उमटतच नाही. तिथे घड्याळ लावून चौदा-सोळा तासांनी स्वतः काढायचे. ज्याच्याकडे तोच चार्जर आहे त्याने तसं करावं, सेल चांगले टिकतात. लावून विसरायचं नाही.

जुना चार्जर बाद.

२७ मे

चारही नव्या सेलवर पक्क्या मार्करने ‘अ’ लिहिलं. ही एक टोळी: एकत्र भरायची, एकत्र वापरायची, एकत्र काढायची. सासूबाईंच्या यंत्रात बसवली.

टोळी मोडायची नाही याला कारण आहे. यंत्रात सेल एकामागे एक रांगेत असतात. त्यातला एक आधी रिकामा झाला तर उरलेले तिघे त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि त्याचे ध्रुव उलटतात. एकदा तसं झालं की त्याची क्षमता परत येत नाही. दोन नवे आणि दोन जुने, किंवा एक साधा आणि तीन चार्जिंगचे, असं कधीच घालायचं नाही. साध्या सेललाही हाच नियम. तिथे फक्त सेल गळून सूड घेतो.

सासूबाईंनी विचारलं, “अगं, यानं माझं बीपी कमी-जास्त तर दाखवणार नाही ना?” प्रश्न रास्त आहे. सकाळी अल्कलाइनवर दोनदा, पाच मिनिटं थांबून चार्जिंगच्या सेलवर दोनदा मोजलं. दोन्हीकडे नेहमीच्या चढउताराइतकाच फरक. पट्टा मात्र आता जोमाने फुगतो, त्यांच्या लक्षात आवाजावरूनच आलं.

२ जून

पैशांचा हिशेब. हरभट रोडच्या आजच्या भावाने.

बीपीचं यंत्र: आर६ घातले तर पंधरा रुपयांचा एक, चार सेल साठ रुपयांचे, साधारण महिनाभर चालतात. वर्षाला सातशेच्या घरात. चार्जिंगची टोळी अकराशेची, चांगली वागवली तर कित्येक वर्षांची. धाकट्याची गाडी याहून खादाड आहे, तिच्यातले साधे सेल आठवडाभरही पुरत नाहीत. या दोन वस्तूंवरच चार्जर आणि दोन टोळ्या दीड-दोन वर्षांत वसूल होतात.

भिंतीवरचं घड्याळ: पंधरा रुपयांचा एक आर६ वर्षभर जातो, कधी सव्वा वर्ष. त्यात पावणेतीनशेचा चार्जिंगचा सेल घातला तर पैसे वसूल व्हायला अठरा वर्षं लागतील. सेल तेवढा जगणारच नाही. घड्याळात साधाच सेल शोभतो. फक्त दरवर्षी ठरलेल्या दिवशी बदलायचा, चालू असला तरी, गळायच्या आत. आमच्याकडे पाडव्याला घड्याळं पुसली जातात, तेव्हाच.

रिमोट: वर्ष-दीड वर्षाला दोन बारीक सेल. चार्जिंगचे परवडत नाहीत. मी अल्कलाइन घालते आणि वर्षातून एकदा झाकण उघडून बघते.

गीझर: मोठा चार्जिंगचा सेल महाग, आणि ठिणगीला व्होल्टेज पूर्ण लागतं. साधे मोठे सेलच.

विजेचा खर्च विचारणाऱ्यांसाठी: दोन हजार एमएएचचा पेन्सिल सेल म्हणजे २.४ वॉट-तास. चार्जरमधली गळती धरून दुप्पट मोजलं तरी एका युनिटमध्ये दोनशे सेल भरतात. युनिट दहा रुपयांचं धरलं तर एक सेल पाच पैशांत.

८ जून

भाऊजी पुण्याहून आले, येताना नव्या प्रकारचे सेल घेऊन आले. पेन्सिल सेलच्याच मापाचे, पण अंगावरच टाइप-सीचं भोक. मोबाइलच्या वायरने चार्ज होतात. वेगळा चार्जर नकोच. “वहिनी, तुमचा सगळा खटाटोप वाचला,” म्हणाले.

आत लिथियम-आयन घट असतो, ३.७ व्होल्टचा. तो सरळ दिला तर यंत्र जळेल, म्हणून आत एक छोटं सर्किट व्होल्टेज उतरवून १.५ करतं. ओझ्याच्या चाचणीत काटा १.५ वर खिळून राहिला आणि शेवटी एका क्षणात शून्य. आधी सूचना काही नाही. वजनकाट्याला हे उत्तम. बीपीच्या यंत्राला मला आवडलं नाही, कारण ‘सेल उतरलाय’ हे यंत्राला कळतच नाही.

पाकिटावर ३६०० लिहिलेलं, पण एकक मिलिवॉट-तास. दीडने भागलं की २४०० एमएएच. निकेलच्या दोन हजार एमएएचचेसुद्धा २४०० मिलिवॉट-तास होतात. आकडे शेजारी ठेवताना एकक बघायचं. आणि हे सेल निकेलच्या चार्जरमध्ये कदापि घालायचे नाहीत. आग लागू शकते. आमच्या चार्जरवर कागद चिकटवला: ‘फक्त एचआर’.

मग ते अण्णांच्या ट्रान्झिस्टरमध्ये घातले. अण्णा आकाशवाणी सांगली मीडियम वेव्हवर ऐकतात, काटा १२५१ वर. रेडिओ लावला तर बातम्यांच्या मागे सतत घर्र्. सेल काढून साधे घातले, आवाज स्वच्छ. पुन्हा हे घातले, पुन्हा घर्र्. व्होल्टेज उतरवणारं ते सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं आणि ती धडपड मीडियम वेव्हच्या पट्ट्यात ऐकू येते. अण्णा म्हणाले, “हे तुझे नवीन सेल गाडीला ठेव. माझ्या रेडिओला नको.” रेडिओत निकेलचे चार्जिंगचे सेल घातले. आवाज स्वच्छ, आणि अण्णांना सेल उन्हात ठेवायची गरज उरली नाही. (उन्हात ठेवलेला साधा सेल थोडा वेळ पुन्हा चालतो, कारण उष्णतेने आतली रासायनिक क्रिया वेग घेते. पण नवीन काही त्यात भरलं जात नाही, गळायची शक्यता मात्र वाढते.)

१५ जून

पुराची पिशवी.

या कामातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हा. सांगलीत पावसाळ्यात जो तो एकच विचारतो, आयर्विनला (कृष्णेवरच्या पुलापाशी) पाणी किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं होतं. त्या दिवसांत घरातल्या भिंतीला प्लग असून नसून सारखाच.

म्हणून पिशवीत चार्जिंगचे सेल नाहीत. एकदा संपले की संपले, भरणार कुठे? पिशवीत अल्कलाइन. चांगल्या अल्कलाइनवर वापरण्याची शेवटची तारीख छापलेली असते आणि ती बऱ्याचदा दहा वर्षांपुढची असते. आर६ एवढा पडून राहत नाही. एलआर६ चे आठ, एलआर०३ चे सहा, दुकानातल्या मूळ पाकिटातच ठेवले. बॅटरी आणि छोटा रेडिओ रिकामेच ठेवलेत. सेल आत घालून वर्षभर ठेवले आणि गळले, तर नेमक्या रात्री दोन्ही मेलेले सापडतील. पाकिटावर तारीख मोठ्या अक्षरात लिहिली. पिशवी जिन्याच्या वरच्या खुंटीला.

बॅटरी तीन बारीक सेलची एलईडी घेतली, जुनी दोन मोठ्या सेलची पिवळ्या बल्बची होती. एलईडी इतका कमी प्रवाह घेते की मंद प्रकाशावर कित्येक रात्री निघतात.

संध्याकाळी इमारतीच्या बैठकीत हे सांगितलं. तळमजल्याच्या काकूंनी विचारलं, पॉवर बँक असल्यावर सेल कशाला? मोबाइलला पॉवर बँक हवीच. पण तिचा सगळा चार्ज मोबाइलसाठी राहू द्यावा. उजेडाला आणि बातम्यांना वेगळी सोय हवी. २०१९ मधला अंधार त्यांनी स्वतः बघितलेला आहे, त्यांना पटलं. प्रत्येक घराने एक पिशवी करायची ठरलं, सेल एकत्र आणायचे.

२२ जून

दोन वर्षांच्या नातवासाठी काकूंनी बोलावलं. त्याच्या खेळण्याचं मागचं झाकण उघडं होतं आणि आतला बटण सेल जागेवर नव्हता. सोफ्याखाली सापडला. पण हे सगळ्यांना सांगायला हवं: बटण सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजून निघतं. सेल संपलेला असला तरी धोका असतोच. संशय जरी आला तरी वाट बघायची नाही, थेट दवाखाना. घरातल्या बटण सेलच्या सगळ्या वस्तू बघितल्या. ज्यांच्या झाकणाला स्क्रू नाही त्या वरच्या फळीवर गेल्या.

३० जून

मेलेल्या सेलचं काय?

जिन्यात झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा ठेवलाय. बटण आणि नऊ व्होल्टच्या सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावून मगच त्यात टाकायचे. नऊ व्होल्टच्या सेलची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात. डब्यातल्या दुसऱ्या सेलने ती जोडली तर तापतात. चार्जिंगचे आणि लिथियमचे वेगळ्या डब्यात.

देशात २००१ पासून बॅटऱ्यांसाठी नियम होते, पण ते लेड-ॲसिडपुरते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत हे छोटे सेलही आले. सेल बनवणाऱ्याने आणि आयात करणाऱ्याने ते परत गोळा करून पुनर्प्रक्रियेला पाठवायची जबाबदारी घ्यायची आहे. पाकिटावर फुली मारलेली कचरापेटी दिसते, तिचा अर्थ घरच्या कचऱ्यात टाकू नका असा. हरभट रोडच्या दुकानदारांशी बोलले. डबा भरला की ते आपल्या मालाच्या गाडीबरोबर परत पाठवायची खटपट करणार आहेत. कॉलेजच्या ई-कचऱ्यातही लिथियमचे देता येतील, ते सरांनी मान्य केलं.

नाल्याकाठी किंवा नदीकाठी सेल दिसला तर उचलायचा, हे थोरलीने स्वतःहून घेतलंय. गावभागातला कचरा पुरात कुठे जातो ते तिने लहानपणी पाहिलेलं आहे. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमधलं कॅडमियम विषारी आहे, ते पाण्यात जाता कामा नये.

१८ जुलै

पाऊस लागून राहिलाय. पातळी रोज बघतो.

‘अ’ टोळी सासूबाईंच्या यंत्रात मेअखेरीपासून आहे, अजून भरायची वेळ आलेली नाही. ‘ब’ टोळी धाकट्याच्या गाडीत आणि तिची मात्र चार्जरवर सारखी ये-जा असते. गाडीची गती मंदावली की लगेच काढायची, अगदी थांबेपर्यंत ओढायची नाही, एवढा एक नियम त्याने पाठ केलाय.

माउसमध्ये एक एचआर६, ठीक चाललाय. देवघराची माळ चार्जिंगच्या सेलवर जरा मंद लागते. सासूबाईंना तीच आवडली, डोळ्यांना बरी म्हणाल्या.

इमारतीसाठी अल्कलाइनची खोकी आली. प्रत्येक घरी पाकीट पोचवताना बॅटऱ्यांची झाकणं उघडून बघितली. तिसऱ्या मजल्यावर एका बॅटरीत दोन सेल आर२० चे, फुगलेले, आतच चिकटलेले. ते ओढून निघेनात. बॅटरीसकट डब्यात टाकली, त्यांना माझ्याकडची जास्तीची एलईडी दिली.

काकूंच्या घरचा चार्जर तोच जुन्या पद्धतीचा निघाला, लाल दिव्याचा. त्यांना घड्याळ लावून काढायची पद्धत लिहून दिली: संध्याकाळी सहाला लावा, सकाळी नऊला काढा. पुढच्या महिन्यात त्या नवा घेणार आहेत.